वर्णाचा रकाना

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी पालकांच्या वतीने काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा कृतज्ञतेचे चार शब्द लिहून पाठवावेत असेच प्रथम मनात आले होते. मुठा खोऱ्यातील या परिसरात माझी मुलगी शिकली, वसतिगृहात राहिली, मोठी झाली. ते ऋण आहेच. पण ऋण मानणाऱ्याने एखादा अवघड विषयही आपल्या माणसांपुढे ठेवला पाहिजे, असे वाटल्यामुळे घरातलाच एक प्रसंग सांगून सुरुवात करते.

गेल्या वर्षी मुलीच्या विवाहाचा विचार सुरू झाला आणि समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचा छापील अर्ज घरी आला. अर्जाच्या माथ्यावर तथागत आणि बाबासाहेब यांची चित्रे होती. रास, नक्षत्र, गण, नाडी, मंगळ यांपैकी एकही रकाना त्यात नव्हता. आपण कुंडली हद्दपार केली, याचा मला मनापासून अभिमान वाटला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची असे भरत मी खाली आले आणि पुढच्या रकान्यापाशी लेखणी थांबली. रकाना होता 'वर्ण'.

माझी मुलगी काळी आहे. 'सावळी' हा सोयीचा शब्द मी येथे मुद्दाम वापरत नाही. तिचा रंग तिच्या वडिलांचा, आणि त्यांचा रंग त्यांच्या आईचा. माझ्या सासूबाईंनी मुळशीच्या भातखाचरांत इरले पांघरून, गुडघाभर चिखलात वाकून आयुष्य काढले आणि त्या कष्टांवर मुले शिकवली. हे सगळे ठाऊक असतानाही मी त्या रकान्यात लिहिले : 'निमगोरा'. संध्याकाळी मुलीने अर्ज वाचला. ती रागावली नाही. शांतपणे एवढेच म्हणाली, "आई, ही मुलगी कोण आहे? मला एकदा भेटव ना तिला."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तीस वर्षे प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केले आहे. समता हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. पण स्नेहसंमेलनाच्या लोकनृत्यात पुढच्या ओळीत कोणाला उभे करायचे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ कोणाच्या हातून द्यायचा, स्वागतगीताला मधोमध कोण, हे ठरवताना माझी नजर आधी कुठे वळत असे, हे त्या रात्री मला आठवू लागले. उजळ रंगाच्या, रेखीव चेहऱ्याच्या मुली पुढे आणि उरलेल्या मागे. हे मला कोणी सांगितले नव्हते. कोणी हरकतही घेतली नाही. मागच्या ओळीतल्या मुलींनी मात्र ते नक्की टिपले असणार. मुलांना अभ्यासातले सगळे आठवत नाही. आपल्याला कोणत्या ओळीत उभे केले होते, ते आयुष्यभर आठवते.

आपली बोलीच पाहा. "मुलगी काळी आहे, तरी नाकीडोळी नीटस आहे." "रंगाने डावी आहे, पण हुशार आहे." या वाक्यांत निंदा करण्याचा हेतू बहुधा नसतो. बोलणारी आत्या किंवा मावशी त्या मुलीवर मायाच करत असते. परंतु त्यातील 'तरी' आणि 'पण' ही अव्यये आपले काम चोख बजावतात. मुलीच्या ठायी एक उणीव आहे आणि तिची भरपाई नाकाने, डोळ्यांनी, गुणांनी, पगाराने करायची आहे, हे ती न कळत्या वयात शिकते. गव्हाळ, निमगोरी, गोरीपान अशी रंगाची उतरंड आपल्या शब्दकोशात पायरीपायरीने रचलेली आहे. ज्या मुलखात शेतजमिनीला 'काळी' म्हणतात, 'काळी आई' म्हणून तिला नमस्कार करतात, जेथील वारकरी सावळ्या विठ्ठलाच्या दर्शनासाठी शेकडो मैल चालतात, त्याच मुलखात काळी सून पत्करताना घर विचारात पडते. देवाचा आणि मातीचा काळा रंग चालतो. पोरीचा चालत नाही.

मुलग्यांची यातून सुटका आहे, असे मुळीच नाही. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला टोपणनावे आठवत असतील : काळ्या, बुटक्या, ढब्या, दात्र्या. ती हसत हाका मारायची असतात आणि हसतच ओ द्यायची असते. ज्याला हाक मारली जाते, त्याचे हसू कधी कधी थोडे उशिरा येते. तेवढा उशीर कोणाच्या लक्षात येत नाही.

'वर्ण' या शब्दाचा एक अर्थ रंग. दुसरा अर्थ चातुर्वर्ण्यातला. या दुसऱ्या अर्थाविरुद्ध आपल्या आजोबा-पणजोबांनी जन्म पणाला लावले. असे असताना पहिल्या अर्थाचा वर्ण आपण आपल्याच हातांनी छापलेल्या अर्जात, बाबासाहेबांच्या चित्राखाली, कसा काय राहू दिला? दोन्ही वर्णांमागचा व्यवहार एकच आहे. माणूस काय करतो हे न पाहता, तो काय घेऊन जन्मला यावरून त्याची पायरी ठरवायची.

आपल्या इतिहासात दिसण्याचा प्रश्न कधीच निव्वळ आवडीनिवडीचा नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात इंदूर परिसरातील बलाई समाजावर १९२८ मध्ये लादलेल्या अटींची नोंद आहे. पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत किनारीचे धोतर नेसायचे नाही. स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. दलितांनी सुंदर दिसू नये, यासाठी गावाने हुकूम काढावेत, यावरून सौंदर्य आणि सत्ता यांचे नाते किती घट्ट आहे, ते कळते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. गुडघ्यापर्यंत आखूड लुगडे नेसण्याची पद्धत आणि हातापायांतले जाडजूड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती टाकून द्या, स्वच्छ आणि नीटनेटके राहा, असा त्या भाषणाचा आशय होता. स्त्रियांनी तेथल्या तेथे लुगडे नेसण्याची रीत बदलली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत, हजारो स्त्रियांपुढे बोलताना, मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांच्या मनातून न्यूनगंड काढून टाका, असे आवाहन त्यांनी केले. हे काम त्यांनी मुलांवर सोपवले नाही, आयांवर सोपवले, हे मला आज विशेष महत्त्वाचे वाटते.

येथे कोणी विचारील की, बाबासाहेब स्वतः उत्तम पोशाख करीत, स्त्रियांनाही नीटनेटके राहायला सांगत; मग आपण चांगले दिसण्याची इच्छा धरली, तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. केस विंचरावेत, आवडीचे कपडे घालावेत, मुलींनी गजरा माळावा, मुलांनी बुटांना पॉलिश करावे. त्यात आत्मसन्मान आहे. पण महाडला जी खूण टाकून द्यायची होती, ती लुगड्याची आणि दागिन्याची होती. ती बाहेरून लादलेली होती, म्हणून उतरवता आली. कातडी ही लादलेली खूण नाही. ती उतरवता येत नाही, आणि उतरवण्याचे काही कारणही नाही. तिच्या बाबतीत बदलायची असते ती पाहणाऱ्याची नजर. हा फरक निसटला, की स्वाभिमानाच्या नावाखाली आपण पोरींना स्वतःचाच तिरस्कार शिकवू लागतो.

रूपावरून वंश आणि दर्जा ठरवण्याच्या खटाटोपाला बाबासाहेबांनी शास्त्राच्या पातळीवरही उत्तर दिले होते. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी मानववंशशास्त्रज्ञांनी घेतलेली नाकांची मापेच पुराव्यादाखल मांडली, आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशाने वेगळे नाहीत, असा निष्कर्ष काढला. रंगाविषयी आजचे विज्ञान याच दिशेने जाते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते. त्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचे तयार करतात, एवढाच फरक. सूर्याच्या अतिनील किरणांपासून शरीराला जपणारे हे द्रव्य आहे. आपल्या पूर्वजांना या उन्हात जगता यावे, म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज. तिला कलंक समजणे हे अज्ञान आहे.

तरीही हा कलंक मनात किती खोल गेला आहे, याचे एक उदाहरण देते. आपल्यातील एखादी उजळ मुलगी नोकरीच्या ठिकाणी जाते. ओळख वाढल्यावर सहकारी म्हणतात, "तू तुमच्यातली वाटत नाहीस हं!" मुलगी घरी येऊन हे सांगते आणि घरातली माणसे सुखावतात. मीही सुखावलेली आहे. त्या एका वाक्यात आपल्या साऱ्या समाजाचा अपमान केलेला असतो, आणि आपण तो प्रशस्तिपत्रासारखा स्वीकारतो. बाहेरच्याने केलेला भेद ओळखायला आपण शिकलो. पण त्याच भेदाची मोजपट्टी घेऊन आपणही घरात बसलो आहोत, हे ओळखायला अजून शिकलेलो नाही.

बाजाराने या दुखऱ्या जागेवर नेमके बोट ठेवले. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले. काळी मुलगी दुःखी, उजळली की तिला नोकरीही मिळते आणि नवराही, ही कथा जाहिरातींनी वर्षानुवर्षे आपल्याला सांगितली. पुढे पुरुषांसाठीही वेगळी मलमे आली. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने काळ्या रंगाच्या व्यक्तीला दुःखी किंवा कमी प्रतीची दाखवू नये, असे नियम केले. २०२० मध्ये जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठल्यावर त्या मलमाच्या नावातला 'फेअर' हा शब्द गेला आणि 'ग्लो' आला. एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळानेही त्याच वर्षी त्वचेच्या रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. म्हणजे नफा कमावणाऱ्या व्यापाऱ्यांनी जो रकाना काढला, तो आपल्या समाजसेवी मेळाव्याच्या अर्जात अजून आहे!

आणि हा प्रश्न फक्त मन दुखावण्याचा राहिलेला नाही. काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एका कुटुंबातील आई आणि दोन मुली अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. कारण शोधता शोधता संशय तिघीही वापरत असलेल्या, रंग उजळवणाऱ्या मलमावर आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात पाऱ्याचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळले. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळणी निकामी करतो. तसाच धोका औषधाच्या दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या स्टेरॉइडयुक्त मलमांचा. ती खरे तर ठरावीक त्वचारोगांवर, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोळली, तर चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येते, नको तेथे लव वाढते. आणि मलम थांबवले की आग होते, म्हणून थांबवताही येत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर बंदी आणली. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातील मुलीच्या किंवा मुलाच्या उशाशी असलेली नळी एकदा हातात घेऊन वाचा. नाव-पत्ता नसलेली, घटकद्रव्ये न छापलेली डबी असेल, तर ती त्याच दिवशी टाकून द्या.

हल्ली यावर एक सोपा उपाय सांगितला जातो : "मुलींनो, स्वतःवर प्रेम करायला शिका." उपदेश वाईट नाही, पण अर्धा आहे. ज्या मुलीला घरात 'तरी' ऐकावे लागते, वर्गात मागच्या ओळीत उभे राहावे लागते, मेळाव्यात ज्या रकान्यावरून तिचा अर्ज बाजूला पडतो, तिलाच आणखी एक काम सांगायचे, की बाई, या सगळ्यातही तू आनंदी राहा! जखम करणारे हात तसेच ठेवून जखमी माणसाला सहनशक्तीचे धडे देण्यासारखे हे आहे. कोणी म्हणेल, स्मिता पाटीलसुद्धा सावळीच होती. खरे आहे. १९५५ साली पुण्यात जन्मलेल्या या मुलीने दूरदर्शनवर बातम्या वाचल्या, चित्रपटांत कामे केली, दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, आणि मग साऱ्या देशाला सावळा रंगही देखणा असतो, असे वाटू लागले. तिचा अभिमान आहेच. पण साध्या मुलीला साधेपणाने, कोणतेही पुरस्कार न मिळवता, ताठ मानेने वावरता आले पाहिजे. अपवादाची आरती करून नियम बदलत नाही.

यासंबंधी पाली साहित्यातील लकुण्टक भद्दिय थेरांची कथा मला फार मोलाची वाटते. हे भिक्खू अतिशय ठेंगणे होते, रूपानेही कुरूप समजले जात. पुष्कळ भिक्खू त्यांना तुच्छ लेखत. जातककथांत तर बाहेरगावाहून आलेल्या भिक्खूंनी त्यांना पोरसवदा श्रामणेर समजून त्यांचे नाक-कान ओढल्याचा प्रसंग आहे. एकदा भद्दिय दुरून येत असताना भगवान बुद्धांनी जवळच्या भिक्खूंना विचारले, तो येणारा भिक्खू दिसतो का तुम्हाला? ठेंगणा, बेढब, ज्याला बरेच जण कमी लेखतात? आणि मग सांगितले, की तो महान सामर्थ्याचा आहे, मिळवण्याजोगे सर्व त्याने मिळवले आहे. पुढे मधुर आवाजाच्या भिक्खूंमध्ये भद्दियांना अग्रस्थान मिळाले.

या कथेत मला एक गोष्ट दिसते. भगवंतांनी भद्दियांना बोलावून, "तू मनाला लावून घेऊ नकोस," असे सांगितले नाही. "दिसायला ठेंगणा आहे, तरी गुणी आहे," अशी मखलाशीही केली नाही. ते पाहणाऱ्यांशी बोलले. नजर ज्यांची चुकत होती, त्यांनाच त्यांनी पुन्हा नीट पाहायला सांगितले. स्वतःच्या रूपाचा स्वीकार हा शेवटी ज्याचा त्याने करायचा असतो, हे खरेच. पण त्याला जागा करून देणे हे भोवतालच्यांचे कर्तव्य आहे. मूल स्वतःला प्रथम आरशात पाहत नाही. ते आपल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाहते.

म्हणून या निमित्ताने काही सूचना नम्रपणे मांडते. पहिली, आपल्या सर्व वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांतून 'वर्ण' हा रकाना काढून टाकावा. "छायाचित्र तर लावतोच, मग रकाना काढून काय उपयोग?" असा प्रश्न येईल. उपयोग आहे. पसंती-नापसंती ज्याची त्याच्यापाशी राहील. पण समाज म्हणून आपण रंग विचारणार नाही, एवढे तरी ठरेल. कुंडलीचा रकाना काढला, तेव्हाही घरोघरी गुपचूप पंचांग पाहणारे होतेच. तरी रकाना काढला, आणि पुढची पिढी तो विसरली. दुसरी, शाळा-वसतिगृहांत शरीरावरून पडलेल्या टोपणनावांना मोठ्यांनी हसून दाद देऊ नये. शिक्षकांनी तर त्या नावाने कधीच हाक मारू नये. तिसरी, कार्यक्रमांत पुढची ओळ पाळीपाळीने सर्वांना मिळावी. चौथी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी. या परिसरात आलात, की मुलांना तुमच्या पदाविषयी जरूर सांगा. पण याच वयात तुम्हाला आपल्या उंचीची, रंगाची, दातांची, बोलीची लाज वाटत असे, हेही सांगा. तुमच्या यशापेक्षा त्या एका वाक्याने एखाद्या मुलाच्या मनावरचे ओझे अधिक हलके होईल.

आणि एक छोटी विनंती या स्मरणिकेच्या संपादक मंडळाला. हल्लीचे मोबाईल आपण न सांगताही चेहरा गुळगुळीत आणि उजळ करून टाकतात. फोटो-फिल्मच्या काळातही रंग जुळवण्याचे नमुनाचित्र पाश्चात्त्य गोऱ्या स्त्रीचे असे, त्यामुळे काळे चेहरे कितीतरी वर्षे नीट उमटतच नसत. यंत्रालाही नजर माणसाकडूनच मिळते. तेव्हा या अंकातील मुलामुलींची छायाचित्रे छापताना ती उजळ करू नयेत. जसे आहेत, तसे चेहरे छापावेत. दहा वर्षांनी हा अंक उघडणाऱ्याला स्वतःचाच चेहरा सापडावा.

घरातल्या त्या अर्जाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मुलीने 'निमगोरा' या शब्दावर काट मारली. मला वाटले, ती 'काळा' असे लिहील. तिने काहीच लिहिले नाही. रकान्यावर आडवी रेघ ओढली आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिले, 'लागू नाही'. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, वर्ण म्हणजे अक्षर असाही एक अर्थ आहे ना? तूच शिकवलेस मला, वर्णमाला म्हणून."

होय, मीच शिकवले होते. विसरलेही मीच होते. आपल्या माणसांना ज्या वर्णाने वर आणले, तो हाच. तो जन्माने मिळत नाही, शाळेत मिळतो, आणि या मुठा खोऱ्यात आपल्या मुलांना तो मिळाला आहे. मेळाव्याच्या अर्जात ठेवायचाच असेल, तर तेवढा एक वर्ण ठेवावा. त्याचा रकाना अर्जात आधीच आहे : शिक्षण.